कंपाउंडला ब्लॉक किती लागतील? भिंत थरात मोजून बघा

दोन गुंठ्यांचा प्लॉट, ३३ फूट बाय ६६ फूट. चारी बाजूंनी पाच फूट उंचीचं कंपाउंड आणि पुढच्या बाजूला दहा फुटांचं गेट. ब्लॉक किती लागतील? मोबाइलवरचं ॲप म्हणतं, ११५०. ठेकेदार कोटेशनमध्ये १२२५ लिहितो. गावातला जुना मिस्त्री प्लॉटभोवती एक चक्कर मारून म्हणतो, "साडेनऊशे मागवा, पुरतील." तिघांपैकी कुणी अडाणी नाही, आणि बहुतेक वेळा कुणी लबाडही नसतो. तरी सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत लहान आकड्यात पावणेतीनशे ब्लॉकांचा फरक पडतो. ब्लॉक चाळीस रुपयांना धरला, तर अकरा हजार रुपये झाले. त्यात गाडीभाडं नाही, आणि उरलेला ढीग पुढं वर्षभर अंगणात पडून राहतो तो वेगळाच.

जुलै २०२५ मध्ये विधिमंडळात तुकडेबंदी कायदा (जमिनीचे ठरावीक मापाहून लहान तुकडे करायला मनाई करणारा) शिथिल करण्याची घोषणा झाली, तेव्हापासून एक-दोन गुंठ्यांच्या प्लॉटांची चर्चा पुन्हा जोरात आहे. प्लॉट घेतला की माणूस पहिल्यांदा कंपाउंडचाच विचार करतो. (त्याच्याही आधी सरकारी मोजणी करून खुणा पक्क्या करून घ्याव्यात. शेजाऱ्याच्या हद्दीत गेलेल्या भिंतीला ब्लॉक किती लागले, हा प्रश्न मग कोर्टात जातो.) म्हणून हिशेबासाठी हाच दोन गुंठ्यांचा प्लॉट घेऊ आणि तिन्ही आकडे कुठून आले ते बघू.

## ब्लॉक सोळा इंची म्हणतात, पण भरतो किती?

आपल्याकडे कंपाउंडला बहुधा सिमेंटचा सॉलिड ब्लॉक वापरतात. बाजारात त्याची ओळख जाडीवरून असते: चार इंची, सहा इंची, आठ इंची. समोरून दिसणारी बाजू मात्र तिघांची सारखीच, १६ इंच बाय ८ इंच. यातून एक गोष्ट लगेच निघते आणि ती बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ब्लॉकची जाडी बदलली तरी संख्या बदलत नाही. चार इंची भिंतीला जितके ब्लॉक, तितकेच आठ इंची भिंतीला. विटेच्या बांधकामात साडेचार इंचावरून नऊ इंचावर गेलं की विटा दुप्पट लागतात, म्हणून ही सवय मोडायला वेळ लागतो.

आता टेप लावून बघा. चांगल्या कारखान्याचा सोळा इंची ब्लॉक लांबीला ३९० मिलिमीटर भरेल, म्हणजे सव्वापंधरा इंचांच्या किंचित वर, आणि उंचीला १९० मिलिमीटर. दहा-दहा मिलिमीटर कुठं गेले? ते सांध्यासाठी सोडलेले असतात. काँक्रीट ब्लॉकसाठी आयएस २१८५ हे भारतीय मानक आहे. त्यात ४०० बाय २०० हे माप सांध्याचा माल धरून दिलेलं आहे. पंगतीला किती जण बसतील हे ठरवताना आपण नुसती पाटाची रुंदी बघत नाही, दोन पाटांमधली जागाही धरतो. इथंही तसंच.

पण हे झालं मानकाप्रमाणे. तालुक्याच्या गावी मशिन टाकून ब्लॉक पाडणारे अनेक जण आहेत आणि प्रत्येकाचा साचा थोडा वेगळा असतो. कुणाचा ब्लॉक सांधा न धरताच पुरा ४०० मिलिमीटर भरतो, कुणाचा पंधरा इंचच. म्हणून ऑर्डर देण्याआधी कारखान्यावर जाऊन दहा ब्लॉक एका रांगेत, मध्ये साधारण बोटभर फट ठेवून मांडा आणि शेवटच्या ब्लॉकपुढचीही एक फट धरून एकूण लांबी मोजा. मानकाप्रमाणे असतील तर दहा ब्लॉक आणि दहा सांधे मिळून ४ मीटर, म्हणजे १३ फूट दीड इंच येतात. जे माप येईल त्याला दहाने भागा. पुढच्या सगळ्या हिशेबात ब्लॉकची लांबी म्हणून तीच धरायची.

हाच खटाटोप कोकणात जांभ्याचा चिरा घेतानाही करावा. एका खाणीचा चिरा दुसऱ्या खाणीच्या मापाचा असेलच असं नाही.

## चौरस फुटाचा हिशेब

सगळीकडे सांगितली जाणारी पद्धत सोपी आहे. भिंतीचं क्षेत्रफळ काढा, एका ब्लॉकच्या क्षेत्रफळाने भागा.

१६ गुणिले ८ म्हणजे १२८ चौरस इंच. एका चौरस फुटात १४४ चौरस इंच असतात. म्हणजे चौरस फुटाला १.१२५ ब्लॉक, आणि एका ब्रासला साडेबारा वर शंभर. ब्रास म्हणजे भिंतीच्या बाबतीत १०० चौरस फूट. वाळू-खडीच्या बाबतीत तोच ब्रास १०० घनफूट असतो, तिथं गल्लत करू नका.

मीटरमध्ये केलं तर ०.४ गुणिले ०.२, म्हणजे ०.०८ चौरस मीटर. एका चौरस मीटरला बरोबर साडेबारा ब्लॉक. पण याचं रूपांतर चौरस फुटात केलं की ब्रासला ११६ येतात, ११२ नाही. कारण सोळा इंच म्हणजे ४०० मिलिमीटर नसून ४०६ असतात. आणि ब्लॉक सांधा न धरताच पुरा ४०० बाय २०० चा असेल, तर सांध्यासह तो ४१० बाय २१० होतो आणि ब्रासला १०८ पुरतात. म्हणजे एकाच प्रश्नाची १०८, ११२ आणि ११६ अशी तीन उत्तरं येतात. तिन्ही गणितं बरोबर आहेत, फरक आहे तो ब्लॉकच्या मापात. म्हणूनच वरचा दहा ब्लॉकांचा खटाटोप.

आता ठेकेदाराचा आकडा बघा. प्लॉटचा घेर १९८ फूट, उंची ५ फूट, क्षेत्रफळ ९९० चौरस फूट. गुणिले १.१२५ म्हणजे १११४. वर दहा टक्के फुटतूट धरली की १२२५. ॲपने तेच ९९० चौरस फूट घेतले, फक्त मीटरचा हिशेब लावला आणि फुटतूट धरली नाही. म्हणून ११५०.

दोघांनीही धरून चाललं आहे की १९८ फूट लांब आणि ५ फूट उंच अशी एकसंध ब्लॉकची चादर उभी राहणार आहे. प्लॉटवर तशी भिंत नसते. तिच्यात गेट असतं, कॉलम असतात, वर कोपिंग, म्हणजे माथ्यावरची काँक्रीटची पट्टी असते. मिस्त्रीने चक्कर मारताना हेच मोजलं.

## उंची: साडेसात थर कुणी बांधत नाही

पाच फूट म्हणजे ६० इंच. एक थर सांध्यासह साधारण ८ इंचांचा. ६० भागिले ८, साडेसात थर.

अर्ध्या थराचं काय करणार? आडवा कापलेला ब्लॉक मांडणं हे जिकिरीचं काम आहे. आठ इंच उंचीचा ब्लॉक लांबीच्या बाजूने सरळ चिरायचा म्हणजे ग्राइंडर हवा, वेळ हवा, आणि दहातले काही फुटणारच. जाणता मिस्त्री ते करत नाही. तो सात थर बांधतो आणि वर चार-पाच इंचांचं काँक्रीटचं कोपिंग टाकतो. सात थर म्हणजे १४०० मिलिमीटर, ५५ इंच. वर पाच इंचांचं कोपिंग. झाले पाच फूट. कोपिंगने कॉलम एकमेकांना बांधले जातात, पावसाचं पाणी सांध्यात शिरत नाही, आणि अर्ध्या थराची भानगड राहत नाही.

म्हणून उंची ठरवतानाच थरांच्या पटीत ठरवावी. "पाच फूट" असं सांगण्याऐवजी "सात थर आणि कोपिंग" असं सांगा. सहा फुटी भिंत हवी असेल तर आठ थर म्हणजे ६३ इंच आणि वर कोपिंग धरून साडेपाच फूट व थोडं वर होईल, नऊ थरांत कोपिंगसह सव्वासहा फूट. दोन्हींत काय बरं ते ठरवा, पण मधलं मागू नका. मधलं मागितलंत की एक सबंध थर कापाकापीत जातो.

आणखी एक. हे सात थर प्लिंथ बीमच्या, म्हणजे जमिनीलगतच्या काँक्रीटच्या आडव्या तुळईच्या वरचे. काही ठिकाणी बीम न टाकता जमिनीखालीही ब्लॉकचेच दोन-तीन थर देतात. तसं असेल तर ते थर जमिनीवर दिसत नाहीत म्हणून हिशेबातूनही सुटतात, आणि मग शेवटी अडीचशे ते पावणेचारशे ब्लॉक कमी पडतात. पाया कसा करणार हे आधी विचारा.

## लांबी: गाळा मोजा

आता आडवं मोजू. दोन कॉलमांमधल्या मोकळ्या जागेला गाळा म्हणू. ब्लॉक फक्त गाळ्यांत बसतात.

आपल्या प्लॉटला ६६ फुटांच्या बाजूला कोपऱ्यांसह आठ कॉलम दिले, प्रत्येकी ९ इंचांचे. ६६ फूट म्हणजे ७९२ इंच. त्यातून आठ कॉलमांचे ७२ इंच वजा केले की ७२० उरतात. सात गाळे, म्हणजे एक गाळा १०२.८ इंचांचा, साधारण ८ फूट ७ इंच.

त्यात ब्लॉक किती? सहा पूर्ण आणि एक अर्धा. सहा गुणिले ३९० म्हणजे २३४०, अर्ध्याचे १९०, आणि दोन्ही कडांचे धरून आठ सांध्यांचे ८०. एकूण २६१० मिलिमीटर. गाळा आहे २६१२ मिलिमीटरचा. इतकं जुळलं की गवंड्याला एकही ब्लॉक वेडावाकडा कापावा लागत नाही.

अर्धा ब्लॉक असणं इथं सोयीचंच आहे. एका थराचा उभा सांधा खालच्या थराच्या सांध्यावर येता कामा नये, नाहीतर भिंतीला वरपासून खालपर्यंत एकच चीर पडू शकते. याला सांधेमोड म्हणतात. पहिल्या थरात अर्धा ब्लॉक डाव्या टोकाला ठेवला, दुसऱ्यात उजव्या, तिसऱ्यात पुन्हा डाव्या, की सांधेमोड आपोआप होते. गाळ्यात बरोबर सात पूर्ण ब्लॉक बसत असते तर एकाआड एक थरात दोन्ही टोकांना अर्धे घालावे लागले असते. संख्या तीच राहिली असती, कापणं वाढलं असतं.

एका थरात साडेसहा, सात थरांत साडेपंचेचाळीस. सात गाळ्यांचे ३१८.५, आणि दोन्ही लांब बाजू मिळून ६३७ ब्लॉक.

मागची बाजू ३३ फुटांची, म्हणजे ३९६ इंच. कोपऱ्यांचे दोन धरून पाच कॉलम, ४५ इंच वजा, उरले ३५१. चार गाळे, प्रत्येकी ८७.७५ इंचांचे. त्यात साडेपाच ब्लॉक बसतात आणि वर १९ मिलिमीटर उरतात. सात सांध्यांत ते वाटून टाकले की प्रत्येक सांधा दहाऐवजी साडेबारा-तेरा मिलिमीटरचा होतो. चालतं. एका गाळ्याला साडेअडतीस, चार गाळ्यांना १५४.

पुढची बाजू. दोन कोपऱ्याचे कॉलम, दोन गेटचे, मध्ये दहा फुटांचं गेट. उरतात दोन्हीकडे दहा-दहा फुटांचे दोन गाळे. एका थरात साडेसात ब्लॉक. इथं दीड इंच उरतो, तो नऊ सांध्यांत जातो, म्हणजे सांधे जरा जाड होतात. ज्याला ते खुपेल त्याने गेटची रुंदी दोन-तीन इंच वाढवून घ्यावी. गेट अजून बनायचं असेल तर त्यात काहीच जात नाही. दोन गाळ्यांचे मिळून १०५.

६३७, १५४ आणि १०५. बेरीज ८९६.

म्हणजे भिंतीच्या एका संपूर्ण थराला १२८ ब्लॉक. हा १२८ चा आकडा कुठंतरी लिहून ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

चौरस फुटाची पद्धत टाकाऊ आहे असं नाही. ती ताळा बघायला उत्तम. गाळ्यांची एकूण मोकळी लांबी १६९.२५ फूट. १९८ फुटांतून गेटचे १० फूट, एकवीस कॉलमांचे पावणेसोळा फूट आणि चार कोपरे दोन-दोनदा मोजले गेल्याचे ३ फूट वजा केले की एवढीच राहते. गुणिले सात थरांची उंची ४.५९ फूट, म्हणजे ७७७ चौरस फूट. ब्रासला ११६ च्या हिशेबाने ९०१ ब्लॉक. आपला आकडा ८९६. मागच्या-पुढच्या बाजूचे सांधे जाड आहेत आणि प्रत्येक गाळ्यात कडेचा एक सांधा जास्त येतो, म्हणून पाच ब्लॉक कमी. ताळा जुळला.

९९० चौरस फुटांचे ७७७ झाले, ते कुठल्याही हुशारीने नाही. जिथं ब्लॉक बसतच नाही ती जागा मोजली नाही, एवढंच.

## फुटतूट: दहा टक्के हा आकडा कुठून येतो?

बहुतेक वेळा सवयीतून येतो. मोठ्या कामावर, खराब रस्त्यावरून, कच्चे ब्लॉक आले तर दहा टक्केही जातील. पण तुमच्या कामावर किती जातील हे थोडं नीट बघता येतं.

८९६ मध्ये पूर्ण ब्लॉक ८२६ आहेत आणि अर्धे १४०, म्हणजे ७० ब्लॉक कापायचे आहेत. पूर्ण ब्लॉकांत नुकसान होतं ते गाडीत आणि उतरवताना. चांगल्या मालात शंभरी दोन-तीन धरा, वीस-पंचवीस झाले. कापण्याच्या ब्लॉकांत नुकसान जास्त. हातोडा-छिन्नीने तोडले तर पाचातला एक तरी नको तिथं तुटतो, म्हणजे चौदा-पंधरा. ग्राइंडरने कापले तर जवळपास काही नाही. दोन्ही मिळून चाळीसेक. ८९६ आणि ४० म्हणजे ९३६. मिस्त्री साडेनऊशे म्हणाला होता.

फुटलेले सगळे वायाही जात नाहीत. कोपरा उडालेला ब्लॉक अर्धा करायला चालतो. म्हणून गवंड्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की अर्ध्यासाठी आधी फुटका माल काढायचा, आख्ख्याला हात लावायचा नाही. काही कारखान्यांत अर्धे ब्लॉकही पाडून मिळतात. तशी सोय असेल तर १४० अर्धे वेगळे मागवा आणि हा सगळा परिच्छेद विसरून जा.

कच्चा ब्लॉक ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. खिळ्याने ओरखडा काढून बघा, भुगा पडत राहिला तर माल कच्चा. दोन ब्लॉक एकमेकांवर आपटा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बदबद वाजला तर नको. आणि काल-परवा पाडलेले ब्लॉक गाडीत भरून देत असतील तर घाई कितीही असली तरी घेऊ नका. काँक्रीटला पुरती ताकद यायला अठ्ठावीस दिवस लागतात.

## "थोडे जास्त घेतले तर बिघडलं कुठं?"

वजन बिघडतं. सहा इंची सॉलिड ब्लॉक २३ किलोच्या आसपास भरतो. ९५० ब्लॉक म्हणजे जवळपास बावीस टन. त्यावर पावणेतीनशे जास्त म्हणजे आणखी सव्वासहा टन. ते आणायचं भाडं, उतरवायची हमाली, आणि उरले तर उचलायची हमाली पुन्हा. उरलेले ब्लॉक कारखाना परत घेतो ते क्वचितच, आणि घेतलेच तर पूर्ण भावाने नाही.

कमी पडले तरी दुखणं आहेच. पन्नास ब्लॉकांसाठी कुणी गाडी पाठवत नाही आणि गवंडी बसून राहतो. शिवाय दुसऱ्या कारखान्याचे आणले तर माप दोन-चार मिलिमीटरनं वेगळं निघतं आणि शेवटचा थर दोरीत येत नाही.

## "आमचा मिस्त्री नजरेनं सांगतो, हिशेब कशाला?"

मिस्त्रीच्या नजरेवर माझा ॲपपेक्षा जास्त विश्वास आहे. कारण ती नजर थर आणि गाळेच मोजत असते. फक्त तो मनातला हिशेब कागदावर मागून घ्या. किती थर धरले, एका थराला किती धरले, फुटतुटीला किती. ज्याला खरंच येतं तो दोन मिनिटांत सांगतो. "अंदाज आहे साहेब" एवढंच उत्तर आलं तर स्वतः टेप घेऊन उतरा.

एक गोंधळ मात्र वारंवार होतो. मजुरीचं मोजमाप आणि मालाचं मोजमाप यांची सरमिसळ होते. मजुरी ब्रासवर ठरलेली असेल तर लहान भोकं वजा न करण्याचा रिवाज आहे. आयएस १२०० या मोजमापाच्या मानकातही ०.१ चौरस मीटरपर्यंतची, म्हणजे साधारण एका चौरस फुटाची, भोकं वजा करत नाहीत. काही ठेकेदार तर दारं-खिडक्याही वजा करत नाहीत, कारण कडा साधायला मेहनत जास्त पडते. मजुरीत तो मुद्दा मान्य करता येतो, आधी बोलणं झालेलं असेल तर. पण खिडकीच्या जागी ब्लॉक लागत नाही. मजुरीचे चौरस फूट उचलून ब्लॉक मागवले की ढीग उरलाच म्हणून समजा.

## जमीन उतरती असेल तर?

इथं मात्र कागदावरचा सगळा हिशेब पालथा होऊ शकतो. समजा ६६ फुटांत प्लॉट दोन फूट उतरतो. दोन फूट म्हणजे बरोबर तीन थर.

भिंतीचा माथा सगळीकडे एका पातळीत हवा असेल तर मागची बाजू सातऐवजी दहा थरांची होईल आणि लांब बाजू हळूहळू वाढत जातील. क्षेत्रफळ साधारण १७८ चौरस फुटांनी वाढतं, म्हणजे दोनशेच्या वर ब्लॉक जास्त. उलट, माथाही उतारासोबत पायऱ्यापायऱ्यांनी उतरवला, दर दोन गाळ्यांनंतर एक थर खाली, तर संख्या ८९६ च राहते. दिसायला पहिली भिंत बरी आणि खर्चाला दुसरी. दहा थरांची भिंत म्हणजे साडेसहा फुटांच्या वर, तिचे कॉलम आणि पाया इंजिनिअरला दाखवूनच ठरवा. काळ्या मातीत तर जास्तच. उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या आणि पावसाळ्यात फुगणाऱ्या जमिनीवर वरवरच्या पायाची भिंत टिकत नाही.

उतार मोजायला पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते, प्रत्येक गवंड्याकडे असते. दोन्ही टोकांची पातळी बघायला अर्धा तासही लागत नाही. तरी ऑर्डर देण्याआधी ती लावणारे थोडेच.

## एएसी ब्लॉक घेतला तर?

हलका, पांढुरका, कानशीने घासता येईल असा जो ब्लॉक, तो एएसी. पुण्याकडे जुनी माणसं त्याला सरसकट सिपोरेक्स म्हणतात. त्याचं नेहमीचं माप ६०० बाय २०० मिलिमीटर. सांधा खास चिकट मालाचा, दोन-तीन मिलिमीटरचाच, त्यामुळे तो हिशेबात जवळपास नगण्य. ब्रासला ७६-७७ ब्लॉक पुरतात. काही कारखान्यांची उंची २४० असते, म्हणून टेप इथंही लावा.

गोंधळ होतो तो विक्रीच्या पद्धतीनं. एएसी नगावर न विकता बहुधा घनमीटरवर विकतात. सहा इंची म्हणजे १५० मिलिमीटर जाडीचे एका घनमीटरला साडेपंचावन्न बसतात, चार इंची ८३, आठ इंची साडेएकेचाळीस. म्हणजे इथं जाडी बदलली की भिंतीला लागणाऱ्या नगांची संख्या तीच राहते, पण घनमीटर बदलतात आणि बिलही. कोटेशन तुलनेला घेताना आधी सगळं नगावर आणा. कंपाउंडला पावसाचा थेट मारा असतो, म्हणून तिथं मला सॉलिड ब्लॉकच बरा वाटतो. घराच्या आतल्या भिंतींना एएसी खुशाल वापरावा, स्लॅबवरचा भार कमी होतो.

## घराच्या भिंतींना हेच लागू

पद्धत तीच, वजाबाक्या जास्त. कॉलम आणि बीम असलेल्या घरात भिंत प्लिंथपासून बीमच्या तळापर्यंतच मोजायची. साडेआठ फूट उंची मिळाली आणि मध्ये सहा इंचांचं लिंटेल (दारं-खिडक्यांवरची काँक्रीटची पट्टी) भिंतभर जात असेल, तर ब्लॉकला ९६ इंच उरतात. बारा थर आणि वर दीड इंचाची फट. ती फट मालाने ठासून भरतात, त्यासाठी तेरावा थर मागवायचा नाही. चार बाय चारची एक खिडकी अठरा ब्लॉक वाचवते, तीन बाय सातचं दार चोवीस.

कॉलम नसलेल्या खोलीत कोपऱ्यांची चूक होते. बाहेरून १० बाय १२ फुटांची, सहा इंची भिंतीची खोली घ्या. बाहेरून मोजलं तर घेर ४४ फूट, आतून ४० फूट. खरी भिंत यांच्या मधली, ४२ फूट. म्हणून भिंतीच्या जाडीच्या मध्यरेषेवरून माप घेतात. एका खोलीत दोन फुटांचा फरक किरकोळ वाटतो, सहा खोल्यांत वाटत नाही.

## सिमेंट-वाळूचं काय?

ब्लॉक कळले की तेही कळतं. दहा मिलिमीटरचा सांधा आणि सहा इंची जाडी धरली तर ८९६ ब्लॉकांच्या सांध्यांत साधारण २८ घनफूट माल जातो. सांडलवंड आणि कोरड्या मालाचं ओल्यात आकसणं धरून, एकास सहा प्रमाणात सहा पोती सिमेंट आणि चाळीसेक घनफूट वाळू किंवा क्रश सँड लागेल. अर्ध्या ब्रासहूनही कमी. प्लास्टर, कॉलम, कोपिंग यांचं वेगळं.

सांधा दहाऐवजी पंधरा मिलिमीटरचा झाला तर ब्लॉक शंभरात चारेक वाचतात, पण माल दीडपट जातो. सहाची नऊ पोती. "बघा, ब्लॉक उरवून दिले" असं कुणी कौतुकाने सांगितलं तर सिमेंटची रिकामी पोती मोजा.

## ऑर्डर एकदम देऊ नका

साडेनऊशे ब्लॉक तसेही एका खेपेत येत नाहीत, तेव्हा ऑर्डरच दोन भागांत द्यावी. पहिल्यांदा ७००. एका थराला १२८ म्हणजे पाच थरांना ६४० लागतील, आणि वरचे साठ फुटतुटीला व हाताशी ठेवायला. गवंड्याला भिंत एकेक गाळा पुरी करत नेण्याऐवजी सगळीकडून पाच थरांपर्यंत आणायला सांगा. पाच थर झाले की ढिगातले उरलेले आख्खे आणि कापायला चालतील असे फुटके वेगळे मोजा. तोवर तुमच्या रस्त्यावर, तुमच्या कारखान्याच्या मालात आणि तुमच्या गवंड्याच्या हातून खरोखर किती फुटतात हे समोर आलेलं असतं. मग उरलेल्या दोन थरांचे २५६, त्यात त्याच प्रमाणात फुटतूट मिळवायची, ढिगातले वजा करायचे आणि दुसरी गाडी मागवायची, त्याच कारखान्यातून.

गाडी उतरवताना ब्लॉक ओतू देऊ नका. दहा ब्लॉक लांब, पाच थर उंच अशी पन्नासाची थप्पी लावायला सांगा आणि थप्प्या मोजून मगच चलनावर सही करा.